शिवणाच्या बाईंचं सोल्डरिंग

परभणीत खोली बघायला मी पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा घरमालकीणबाई अंगणात वाकून, जमिनीतून वर आलेल्या एका लोखंडी पाइपात तांब्याने पाणी ओतत होत्या. शेजारीच तुळस होती. उन्हानं तिनं मान टाकली होती, पण बाईंचं सगळं लक्ष पाइपाकडे. मी गेटपाशी घुटमळलो. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "अर्थिंग आहे हे. आधी याला, मग तुळशीला. तुळस वाळली तर दुसरी लावता येती. हे वाळलं आणि माणूस चिकटला तर दुसरा कुठून आणायचा?"

मी कुठला, पगार किती, लग्न झालं का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तुमच्या खोलीत तीन पिनांचं सॉकेट एकच आहे. चालेल?"

मी चालेल म्हणालो आणि पुढची चार वर्षं तिथं राहिलो.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. शेतकऱ्यांनी पिशवीत आणलेली माती वाळवायची, चाळायची, तपासायची. बाईंना हे कळल्यापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मला त्या शेवटपर्यंत 'मातीवाले' म्हणत. "मातीवाले, चहा टाकलाय." "मातीवाले, तुमचा पंखा कुरकुर करायलाय, ऐकू येत न्हाई का तुम्हाला?"

त्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. परभणीतल्या कितीतरी घरांतल्या सासवासुनांना काजं करायला त्यांनीच शिकवलेलं. बाजारात त्यांच्यासोबत गेलं की दहा पावलांवर कुणीतरी वाकून नमस्कार करी, आणि बाई आशीर्वाद देण्याच्या आधी तिच्या पोलक्याच्या शिवणीकडे बघत. सोल्डरिंगशी, म्हणजे वितळलेल्या कथलानं तारा जोडण्याच्या कामाशी, त्यांचा संबंध आला तो साठीनंतर. त्यांचा रेडिओ बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडूनही न बघता सांगितलं, "बाई, हे तुमच्या उपयोगाचं राहिलं न्हाई, फेकून द्या." बाई रेडिओ घेऊन घरी आल्या. स्वतःच उघडला. पण हात लावला नाही. महिनाभर तो टेबलावर उघडाच ठेवून त्या येता-जाता त्याच्याकडे बघत राहिल्या.

"एक महिना नुसतं काय बघत होता?" मी विचारलं होतं.

"शिवण कुठून सुरू झाली ते. उसवायचं असलं की शेवटचं टोक आधी सापडावं लागतं."

मग फोनवर सोल्डरिंगचे व्हिडिओ बघायला लागल्या. कुठल्याही भाषेतले चालत, कारण आवाज त्या बंदच ठेवत. म्हणत, "आवाज चालू असला की माणूस तोंडाकडे बघतो. बंद केला की हात दिसतात." एक डावखुरा कारागीर त्यांना फार आवडे. तो कुठल्या देशाचा, काय नावाचा, त्यांना माहीत नव्हतं. त्याच्या अंगठ्याचं नख मात्र त्यांनी मला वर्णन करून सांगितलं होतं.

कामाचे सगळे शब्द त्यांनी शिवणातूनच आणले होते. सोल्डरचा जोड म्हणजे टाका. यंत्राच्या आतल्या सर्किटच्या पाटीवरचे तांब्याचे बारीक गोल ठिपके, ज्यांच्यावर जोड बसतो, त्या टिकल्या. खुद्द पाटी म्हणजे कापड. शाळेत मुली शिवणाच्या नमुन्यांची वही करतात तशी त्यांनी टाक्यांची वही केली होती. जाड पुठ्ठ्याच्या पानांवर पाटीचे तुकडे दोऱ्यानं शिवलेले आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात नावं. कच्चा टाका. जळका टाका. उपाशी टाका. माजलेला टाका. शेवटच्या पानावर एकच जोड होता, तांदळाच्या कणीएवढा, सगळीकडून सारखा उतरता, चमकणारा. त्याच्याखाली काही लिहिलेलं नव्हतं.

"याचं नाव?" मी विचारलं.

"दुसरा जमला की ठेवीन."

लोक वस्तू घेऊन येत. टॉर्च, मिक्सर, पोराची खेळण्यातली गाडी. बाई पैसे घेत नसत, पण एक अट होती. ज्याची वस्तू त्यानं समोर बसायचं, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, आणि बघायचं. घाई असणाऱ्याला त्या बाहेरूनच परत पाठवत. नाजूक काम फक्त सकाळी नऊ ते अकरा, पूर्वेच्या खिडकीत. सव्वाअकराला कुणी मंत्री आला असता तरी त्यांनी उद्या या म्हणून सांगितलं असतं.

त्यांना बघूनच मला नाद लागला. कुंडीतली माती कोरडी पडली की दिवा लागावा, असं एक छोटं यंत्र मला करायचं होतं. बाईंनी आधी चाळीस टाके घालून आणायला सांगितले. मी एका रविवारी बसून घातले. त्यांनी दोन्ही चष्मे, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर, खाली-वर करून बघितले आणि पाटी परत दिली.

"उसवा."

"सगळे?"

"तुम्हाला एखादा ठेवावा वाटतो का?"

मी पुन्हा बघितलं. नव्हता वाटत.

माझी समजूत अशी की दोष सोल्डरिंग गनचा आहे. बाईंकडे साधी पंचवीस वॅटची होती, माझ्याकडे तिच्याहून स्वस्त. तापमान हवं तसं ठेवता येईल असं स्टेशन घ्यावं म्हणून मी महिनाभर फोनवर वाचत होतो. कोणाला किती तारे, कोण काय म्हणतं. तीन हजारांच्या आत बसणारं एक मी हेरलं होतं. सोल्डरिंग आणि गरम हवेची गन एकाच डब्यात, समोर दोन-दोन आकडे लुकलुकणारे. फोटो बघूनच जीव सुखावे. बाईंना दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, आणि म्हणाल्या, "हातात धरायचा दांडा तर दिसतच न्हाई यात. तुम्ही डबा हातात धरणार का?"

विषय तिथंच राहिला असता. पण उन्हाळ्याच्या तोंडाला हर्रासवाले मामा आले.

मामा तीस वर्षं मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हर्रास पुकारायचे. कापूस असो की तूर, ढिगावर उभं राहून भाव चढवत न्यायचे. म्हणे त्यांचा आवाज मोंढ्याबाहेरच्या रस्त्यावर चहा पिणाऱ्यांनाही कळायचा. मग घशाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. त्यानंतर ते एका मशीनवर बोलत. छोट्या टॉर्चएवढं मशीन. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते थरथरतं, आणि त्या थरथरीचे शब्द जीभ आणि ओठ करतात. आवाज सपाट, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण बोलणं कळायचं.

ते मशीन बंद पडलं होतं. मामा गळ्याभोवती पांढरा रुमाल बांधून खुर्चीवर बसले, हात गुडघ्यावर. बोलली ती त्यांची सून.

"पाच दिस झाले बाई, मामंजी मुके बसलेत. दवाखान्यात विचारलं, तर नवं मशीन यायला महिना तरी लागतो म्हणले. अन् किंमत तर आमाला झेपायची न्हाई."

"लिहून दाखवत न्हाईत का?"

"शाळेत गेलेच न्हाईत ते. सगळे भाव तोंडपाठ, पर लिहिणं न्हाई. आमाला हातवारे करून सांगतेत, आमी समजून घेतो. पर आत्याबाईंचं, माझ्या सासूचं, काय करावं? साखरेनं दोन्ही डोळे गेलेत त्यांचे. कोण आलं, कोण गेलं, आभाळ आलंय का, सगळं मामंजीच सांगतेत त्यांला. दिसभर. आता दोघंबी अंधारात बसलेत."

मामांचे ओठ हलले. सवयीनं ते काहीतरी बोलले असावेत. आवाज काहीच आला नाही. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि खिडकीकडे बघू लागले.

बाईंनी मशीन उघडलं. आत करंगळीच्या पेराएवढी हिरवी पाटी. भिंगाच्या काचेतून बराच वेळ बघितलं. मग मला बघायला दिलं. बटणाचा एक पाय पाटीवरून सुटला होता. वर्षानुवर्षं दिवसभर दाबून दाबून टाका उसवला होता, बस. मी म्हणालो, "एवढंच? दोन मिनिटांचं काम आहे."

बाईंनी आपली पंचवीस वॅटची गन मशीनजवळ नेलीसुद्धा नाही. ड्रॉवरमधून भंगारातली तेवढीच बारीक पाटी काढली, गन तापवली आणि तिच्यावर एक टाका घालून बघितला. टिकली पाटीवरून सुटून गनच्या टोकाला चिकटून आली. दुसरा घातला. तीही आली. त्यांनी गन स्टँडवर ठेवली.

"याच्यानं हात लावणार न्हाई मी. हिला कुठं थांबायचं ते कळत न्हाई, तापतच जाती. स्टेशन घ्यावं लागेल, मातीवाले. साझ्यात घेऊ. अर्धं तुमचं, अर्धं माझं. राहील माझ्या टेबलावर, कारण अर्थिंग माझं आहे."

सून म्हणाली, "बाई, जमंल तसं करा की. नुसतं टेकवून बघा."

"टेकवून बघायला हे इस्त्रीचं कापड न्हाई," बाई म्हणाल्या. मग मामांकडे वळून, आवाज खाली आणून, "मला दोन-चार दिवस द्या."

मामांनी मान हलवली. मशीन त्यांनी बाईंच्या टेबलावरच ठेवलं.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. बोळातलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, मालक गादीवर. बाईंच्या पिशवीत काय काय होतं ते मला तिथं कळलं. मांजरपाटाची एक लांब पट्टी, तांब्याची जाड पट्टी, त्यांचं स्वतःचं सोल्डर, टेस्टर, मीटर आणि बसायला पातळ उशी. मालकानं दोन वस्तू काढल्या. एक मी हेरलेलं ते दोन आकड्यांचं, आणि एक स्वस्तातली, दांड्यावरच तापमानाची चकती असलेली गन. "बाई, दोन्ही एकदम लाजवाब चीज हायत. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकूनच बघणार आहे," बाई म्हणाल्या. उशी स्टुलावर ठेवून बसल्या, माझ्या लाडक्या स्टेशनचा दांडा हातात घेतला आणि खरोखरच डोळे मिटले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. गिऱ्हाईकं येऊन जाऊ लागली. मालक माझ्याकडे बघे, मी छताकडे.

"वायर ताठ आहे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मनगटाला मागं ओढती. तासभर काम केलं तर हात वायरीशी भांडण्यात जाईल."

मग वायर लावून तापवायला सांगितलं. आकडा साडेतीनशेवर आला. बाईंनी गनचं टोक मांजरपाटावर टेकवलं, एक-दोन-तीन मोजलं आणि उचललं. गडद तपकिरी ठिपका उमटला. लगेच त्यांनी तांब्याच्या पट्टीवर ओळीनं पाच टाके घातले आणि तेच टोक पुन्हा कापडावर टेकवून तीन मोजलं. दुसरा ठिपका फिका. आणखी पाच टाके, तिसरा ठिपका त्याहून फिका, नुसता चहाचा डाग. आकडा मात्र साडेतीनशेच दाखवत होता.

मालक गादीवरून पुढं सरकला. "हे काय केलं तुमी?"

"पोरींना इस्त्री शिकवताना असंच बघायचे. काम पडलं की हे थंड पडतंय आणि सांगत न्हाई." मग विचारलं, "याची टोकं मिळतात का तुमच्याकडं?"

"मागवावी लागतील."

"शिवणयंत्राची सुई मिळत नसेल तर ते यंत्र काय हळदीकुंकू वाहायला घ्यायचं?"

दुसऱ्या गनला दोनच पिना होत्या. तिच्या तापलेल्या टोकाला त्यांनी टेस्टर लावला आणि टेस्टरचा दिवा मिणमिणला. "टोकात करंट उतरायलाय. एवढ्या नाजूक पाटीत हा गेला तर संपलंच." ती त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली.

मालक आता वेगळ्याच आवाजात बोलू लागला. म्हणाला, मोबाइल दुरुस्त करणारे एक साधं स्टेशन नेतात, दिसायला काही नाही, एक गोल बटण आणि एक आकडा. सध्या संपलंय. नांदेडहून परवापर्यंत मागवतो. बाईंनी होकार दिला. परत येताना रिक्षात मी चिडलेलो होतो. तिकडे एक म्हातारा मुका बसलाय आणि इकडे आपण कापडावर ठिपके काढतोय, असं माझ्या मनात चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई एका कार्याला गंगाखेडला गेल्या. दुपारी गेट वाजलं. मामा एकटेच आले होते, उन्हातून चालत. मी पाणी दिलं. त्यांनी टेबलाच्या दिशेनं बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवून नाही म्हणालो. ते पुन्हा ओठ हलवून काहीतरी बोलले, मला कळलं नाही, आणि मला कळलं नाही हे त्यांना कळलं. हात जोडून ते निघून गेले. मी गेटपाशी उभा राहून त्यांची पाठ बघत राहिलो आणि मग सरळ आत जाऊन बाईंची जुनी गन लावली.

दोन मिनिटांचं काम होतं. मी टोक टेकवलं, सोल्डर लावलं, गन उचलली. टोकाला चिकटून तांब्याची टिकली वर आली. बटणाच्या पायाखाली आता नुसती उघडी, पिवळी पाटी होती. टाका घालायला जागाच उरली नव्हती.

बाई संध्याकाळच्या एसटीनं येईपर्यंत मी तिथंच बसून होतो. त्यांनी पिशवी ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी हातपाय धुतले. मग दिवा लावून काचेतून बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं, आता म्हणतील खोली रिकामी करा.

"टिकली गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "कापड शाबूत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे टाका बसणार न्हाई. रफू करावा लागेल." त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "मातीवाले, ज्याची वस्तू त्याला समोर बसवायचं, हे मी का म्हणते कळलं का आता? तो समोर असला की आपला हात थोडा भितो. भ्यायलाच पाहिजे."

एवढंच. त्यानंतर त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही, ना मामांसमोर, ना माझ्यासमोर. रागावल्या असत्या तर मला झोप लागली असती.

ठरल्या दिवशी नांदेडहून तिसरं स्टेशन आलं, आम्ही पुन्हा दुकानात गेलो. राखाडी रंगाचं, ठोकळ्यासारखं, फोटोत मी त्याच्याकडे दोनदा बघितलंही नसतं. बाईंनी पुन्हा डोळे मिटून दांडा धरला. वायर मऊ होती, दोऱ्यासारखी लोंबत राहिली. पिना तीन, मीटर लावून टोकापासून पिनेपर्यंत अर्थिंग पोचतं का ते तपासलं. मग तीच मांजरपाटाची पट्टी काढली. ठिपका, पाच टाके, ठिपका, पाच टाके, ठिपका. मालकानं आपलं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं होतं. सगळे ठिपके एकाच रंगाचे, एकाच आकाराचे, पट्टीच्या काठानं काजांसारखे ओळीत. बाईंनी पट्टी दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरली, आणि मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा तसा बघितला. मुलीचं पहिलं झबलं बरोबर जमल्यावर शिक्षिकेचा होत असेल तसा.

"हे," त्या म्हणाल्या.

माझ्या लाडक्या डब्यापेक्षा ते स्वस्तच पडलं. उरलेल्या पैशांत बाईंनी दोन बारीक टोकं जास्तीची घेतली. निघताना मालकानं विचारलं, "बाई, ती कापडाची पट्टी मला देता का? गिऱ्हाईकाला दाखवायला." बाईंनी ती देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मामा समोर बसले, हात गुडघ्यावर. बाईंनी कशिद्याच्या लाकडी रिंगमध्ये जाड कापड ताणून बसवलं होतं, त्याला मधे चीर पाडून तिच्यात ती इवलीशी पाटी अडकवली. रिंग दोन पुस्तकांवर टेकवली. वायरीतला एकच केसाएवढा तांब्याचा धागा सोडवून घेतला. मग ब्लेडच्या टोकानं, टिकली जिथं होती तिथून निघणाऱ्या तांब्याच्या रेषेवरचं हिरवं आवरण खरवडायला सुरुवात केली. रेषा डोळ्याला धड दिसतही नव्हती. बाई दोन वेळा खरवडत आणि थांबत. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत होतं. तांबं उघडं पडलं तेव्हा मला ते दिसलं नाही, बाईंचे खांदे खाली आले त्यावरून कळलं.

स्टेशनवर आकडा तीनशे वीस. बारीक टोक. बाईंनी श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. धाग्याचं एक टोक त्या रेषेवर ठेवलं आणि गन टेकवून उचलली. मी मोजायला लागलो होतो, एकच्या पुढं गेलोच नाही. मग धाग्याचा वेढा बटणाच्या पायाला, एकदा, दुसऱ्यांदा, चिमट्यानं, आणि दुसरा टाका. काच पुढं सरकवून त्या म्हणाल्या, "बघा."

मी बघितलं. वहीच्या शेवटच्या पानावरच्या त्या बिननावाच्या टाक्यासारखे दोन, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये सैलसर कमान घेतलेला एक धागा, ओढ बसली तर तुटू नये म्हणून. मी प्रयोगशाळेत रोज काचेखाली वस्तू बघतो. माणसाच्या हातून झालेलं इतकं नेमकं काही मी तोवर बघितलं नव्हतं. त्या घडीला मला त्यांची भीतीच वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात वाटते तशी.

बाईंनी कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. त्यांच्या घरातली शृंगाराची ती एकुलती एक वस्तू, आणि ती नखाला कधी लागली नव्हती. त्याचा एक थेंब रफूवर सोडला, धागा हलू नये म्हणून. तो वाळू दिला. मग सेल घालून त्यांनी बटण दाबलं. मशीन घूंऽऽ करून थरथरलं.

मामा उठून उभे राहिले. बाईंनी मशीन त्यांच्या हातात दिलं, पण त्यांनी ते गळ्याला लावलं नाही. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि दाराकडे बोट दाखवलं. बाईंना आधी कळलं. त्या म्हणाल्या, "मातीवाले, रिक्षा बोलवा. यांना पहिलं तिथं बोलायचंय."

मामांचं घर दोन खोल्यांचं. दाराशी बाजेवर मामी बसल्या होत्या, समोर लसणाच्या पाकळ्या. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली. "कोण हाय?"

मामा त्यांच्या शेजारी बसले. मशीन गळ्याला लावलं.

"मी," मशीन म्हणालं.

मामींच्या हातातली पाकळी तशीच राहिली. त्या सपाट, पत्र्याच्या आवाजात मामांनी मग जे सुरू केलं ते थांबेचना. आभारबिभार काही नाही, आठ दिवसांचं साचलेलं. "सोमवारी शेजारच्याची गाय व्याली. कालवड हाय. कपाळावर पांढरं. लिंबाला मोहर आलाय, अंगणात सडा पडलाय, तुझ्या पायाखाली हाय तो. पोरानं मिशी काढली. बरा दिसत न्हाई. सूनबाई रडत हुती मंगळवारी, तिला इचार का. काल ढग आल्ते. गेले."

"काळे का?" मामींनी विचारलं.

"न्हाई. पिंजल्यावानी."

मामी हसल्या. मग चेहरा आमच्या दिशेला वळवून म्हणाल्या, "ज्या बाईनं केलं, ती आलीय का? दिसायला कशी हाय, सांगा की मला."

मामांनी बाईंकडे बघितलं. ढिगावर उभं राहून माल बघत असतील तसं, वरून खालपर्यंत. बाई दारात अवघडून उभ्या. ही एक गोष्ट त्यांना शाळेत कुणी शिकवली नव्हती, कुणीतरी बघत असताना उभं राहणं.

"बुटकी हाय," मशीन म्हणालं. "दोन चष्मे लावती. पदर खोचलेला. तोंडावर राग दिसतोय, पर राग न्हाई त्यो." मामांची नजर खाली उतरली. "हातावर डाग हायत. भाजल्याचे. लय हायत."

मी इतके दिवस त्या हातांकडे बघत होतो. डाग मला दिसले नव्हते.

"आणा हिकडं," मामी म्हणाल्या.

बाई पुढं आल्या, बाजेच्या कडेला टेकल्या. मामींनी चाचपडत त्यांचे हात हातात घेतले. बोटं एकेक करून फिरवली. टोकांवर सुयांनी टोचून घट्ट झालेली कातडी, मनगटापर्यंत छोटे छोटे गुळगुळीत व्रण. कितीतरी वेळ त्या शोधत राहिल्या. मग लेकराला भाजल्यावर करतात तसं तोंड जवळ नेऊन एकेका डागावर त्या हळूच फुंकर घालू लागल्या.

ते डाग कधीचेच वाळलेले होते. बाई तसं म्हणाल्या नाहीत. हात पुढं करून, मान खाली घालून, त्या तशाच बसून राहिल्या.